शेण फासलेली कलिंगडं

१२ जानेवारी, रविवार

आत्ती म्हणाल्या, "हितं कलिंगड येत न्हाई."

मी म्हटलं, का नाही?

"आलं तरी माकडं खातात."

झालं. म्हणजे आता लावावंच लागणार.

न्हाणीच्या मागं परसात दुपारभर खणत होते. तांबडी माती, वीतभर खाली लगेच जांभा. कुदळ मारली की टण्ण वाजते. बाबा नदीच्या वाळूत वेल लावतात, तिथं हातानं उकरलं तरी खड्डा होतो. इथं तीन आळी खणायला तीन तास लागले. तळहाताला दोन फोड. आत्ती मधूनमधून दारात येऊन बघून जायच्या. चौथ्यांदा आल्या तेव्हा शेणखताची पाटी आणून ठेवली आणि गेल्या.

बी दिवाळीला माहेराहून आणलेलं. खानापूरहून इथपर्यंत ब्लाउजच्या पिशवीत आलं. बाबांनी सांगितलंय तसं ओल्या फडक्यात बांधून चुलीशेजारी ठेवलंय. थंडी फार आहे, ऊब मिळाली तरच फुटेल.

सुदेशला वास्कोत खोली मिळेपर्यंत काहीतरी हवंच हाताला. लग्नाला आठ महिने झाले. तो तिकडं बेकरीत, मी इकडं त्याच्या आईबरोबर, म्हणजे आत्तींबरोबर. एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी येतो, संध्याकाळच्या गाडीनं परत जातो. (वहीत सुदेश लिहिते. आत्तींच्या समोर तोंडातून 'अवो' च्या पुढं काही निघत नाही.)

१६ जानेवारी, गुरुवार

फुटलं! बारापैकी नऊ बियांना पांढरी नाकं आली. आत्तींना दाखवलं. "नाकं फुटली म्हणून काय झालं," म्हणाल्या आणि फडकं परत नीट बांधून दिलं.

१७ जानेवारी, शुक्रवार

पेरलं. आळ्यात तीन तीन.

२६ जानेवारी, रविवार

सगळी वर आली. दोन दोन जाड पानं. सुदेश आला होता, त्याला हात धरून परसात नेलं. तो म्हणाला, "छान आहे." गावातल्या नव्या बोअरवेललाही तो असंच छान आहे म्हणाला होता. खोलीचं विचारलं. बघतोय म्हणाला.

३ फेब्रुवारी, सोमवार

लाल भुंगे आले. दोन रोपांची पानं चाळणी झाली. रेंजच्या दगडावर चढून बाबांना फोन केला. टेकडीवर तो एकच दगड आहे जिथं फोन लागतो, आणि तिथं कायम कोणीतरी उभं असतं. आज केशरवैनी होत्या, शेजारच्या. बहिणीशी बोलत होत्या. आधी बहिणीच्या जावयाचं संपलं, मग दिराचं. मग माझा नंबर.

बाबा म्हणाले, "सकाळी दव असतंय तवाच राख मार. पानाला चिकटून बसायला पायजे."

चुलीची राख आत्तींच्या ताब्यात. भांड्यांना लागते त्यांना. मागितली तर म्हणाल्या, "आता भांडी कशानं घासू, तुझ्या येलानं?" पण उद्या सकाळसाठी डबा भरून ठेवलाय.

१५ फेब्रुवारी, शनिवार

उळवीची जत्रा झाली. केशरवैनींबरोबर आत्ती जाणार होत्या, शेवटच्या घटकेला राहिल्या. कपिलीला, म्हणजे आमच्या गाईला, दिवस भरत आलेत. मी म्हटलं, मी आहे ना घरात, जावा तुम्ही. "तुला काय ठाऊक गाईचं," म्हणाल्या.

खरंच आहे. माझ्या माहेरी गाय नव्हती.

वेल मात्र जोरात. एक तर न्हाणीच्या भिंतीवर चढायला निघालाय, त्याला रोज खाली उतरवते. पिवळी फुलं येतायत पण सगळी नर. मागं बारीक कलिंगड नसलेली.

२० फेब्रुवारी, गुरुवार

कपिली व्याली. पाडी झाली. कपाळावर पांढरा ठिपका. आत्तींनी मला सगळं करायला लावलं. स्वतः शेजारी बसून नुसतं सांगत होत्या. माझे हात थरथरत होते. "थरथरू दे, पण सोडू नको," म्हणाल्या. मी सोडलं नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

पहिलं मादी फूल! फुलाच्या मागं गोटीएवढं कलिंगड, लव असलेलं, वर हिरव्या रेघासुद्धा. इतकंसं असतं तेव्हापासून त्याला रेघा असतात हे मी बाबांच्या रानात कधी बघितलंच नव्हतं.

मधमाश्या सगळ्या काजूच्या मोहोरावर. म्हणून बाबांनी सांगितलं तसं नर फूल तोडून, पाकळ्या काढून मादी फुलात फिरवलं. आत्ती मागं कधी येऊन उभ्या राहिल्या कळलं नाही.

"काय करालीस गं?"

सांगितलं काय ते. त्यांनी पदर तोंडाला लावला. "सकाळी सकाळी फुलांची लग्नं लावालीस. भटाला बोलवू काय?" दिवसभर हसत होत्या. केशरवैनींना सांगितलं. केशरवैनींनी दगडावर चढून बहिणीला सांगितलं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

ताप. अंग मोडून आलंय.

२ मार्च, रविवार

आज उठले. तीन दिवस काढा आणि पेज. फुलं उमलायची वेळ नेमकी गेली म्हणून वाईट वाटत होतं. सकाळचं फूल दुपारी मिटतं, परत उघडत नाही.

परसात गेले. वेलाशेजारी पाकळ्या काढलेली नर फुलं पडलेली, एका रांगेत. आणि सात देठांना लाल दोरा बांधलेला, आत्तींच्या जुन्या लुगड्याच्या काठाचा.

विचारलं. मान वर न करता तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "दोरा बांधला न्हाई तर कुणाचं लगीन झालं, कुणाचं न्हाई, कळणार कसं?"

९ मार्च, रविवार

तेरा धरली होती. दोन पिवळी पडून गळाली, त्यात माशीचं भोक होतं. उरलेल्या अकरांना जुन्या धोतराचे तुकडे गुंडाळले. नारळाएवढी झाली की सोडायचे. खाली पेंढा घातला. आत्ती रोज सकाळी मोजतात. मी मोजल्यावर परत मोजतात.

सुदेश या वेळी आला नाही. बेकरीत माणूस कमी आहे.

१८ मार्च, मंगळवार

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहिते.

केशरवैनींच्या मुलीची सुपारी फुटली आज. आम्ही दोघी सकाळपासून तिथं. दुपारी परत आलो तर परसात माकडं. पंधरा-वीस. एक पिल्लू कलिंगड छातीशी धरून न्हाणीवर बसलेलं. त्याला फोडता येईना म्हणून त्यानं ते खाली टाकलं. फुटलं, आत पांढरं. हुंगून निघून गेलं. खाल्लं असतं तरी बरं वाटलं असतं मला.

अकरातली चार गेली. वेल दोन ठिकाणी तुटला.

मी तिथंच मातीत बसून रडले. आत्ती म्हणाल्या, "मी सांगितलं होतं, माकडं येतात म्हणून." त्यावर माझ्या तोंडून निघून गेलं — "येऊ देत. माझं काय जातंय? मी कुठं इथं राहणार आहे? मी जाणारच आहे."

आत्तींनी फुटलेली साल उचलून बाजूला टाकली. मग म्हणाल्या, "जाणार हायस ते ठाऊक हाय मला. गेल्यावर त्या उरलेल्या सातांना पाणी कोण घालणार, तेवढं सांगून जा."

आणि आत गेल्या.

१९ मार्च, बुधवार

बोलणं नाही. त्यांनी वाढलं, मी जेवले. मी भांडी घासली, त्यांनी पुसली.

२० मार्च, गुरुवार

सकाळी उठून परसात गेले तर आत्ती उकिडव्या बसलेल्या. बाजूला बादली, बादलीत शेणकाला. कोपरापर्यंत हात भरलेला. एक एक कलिंगड उचलून सगळीकडून सारवत होत्या, अंगण सारवतात तशा, गोल गोल.

मी काही विचारायच्या आत म्हणाल्या, "माकडाला हाताला शेण लागलेलं चालत न्हाई. लई सोवळं असतंय त्याचं."

मी पदर खोचून बसले. चार त्यांनी केली, तीन मी. माझं एक त्यांना पसंत पडलं नाही, देठाजवळ हिरवं दिसत होतं. परत करायला लावलं.

काम करता करता म्हटलं, "आत्ती, परवा मी बोलले ते—"

"बादली सरकव हिकडं," म्हणाल्या.

२२ मार्च, शनिवार

माकडं आली आज! आम्ही दोघी न्हाणीच्या दाराआड. हातात काठ्या होत्या पण आत्तींनी थांब म्हणून खूण केली.

मोठा काळ्या तोंडाचा हुप्प्या भिंतीवरून उतरला. सगळी टोळी मागं थांबली. तो कलिंगडापाशी बसला, बोटानं टोचलं, बोट हुंगलं. मग बोट गवताला पुसलं. परत हुंगलं, भिंतीला पुसलं. माझ्याकडं बघून नव्हे, पण अगदी पाहुण्यानं चहात माशी बघावी तसं तोंड केलं आणि निघून गेला. टोळी त्याच्या मागं.

आत्तींनी माझा दंड धरला होता. इतक्या हसल्या की शेवटी खाली बसल्या. डोळ्यातून पाणी. मी त्यांना असं हसताना कधी बघितलं नव्हतं.

दर दोन दिवसांनी सारवायचं ठरलं.

३० मार्च, रविवार, पाडवा

सुदेश आला. परसात गेला आणि बघतच राहिला. "हे काय? शेणाचे गोळे कशाला केलेत?"

आत्ती म्हणाल्या, "तुला कळणार न्हाई त्यातलं."

मग जेवताना त्यानं सांगितलं. खोली मिळाली. एक तारखेपासून, मे महिन्यात. एक खोली, आत मोरी, वर पत्रा. जिना उतरून पाच मिनिटं चाललं की समुद्र.

आनंद झाला. मला विचारलं त्यानं, खूश आहेस ना? म्हटलं, आहे की. आठ-दहा महिने याचीच वाट बघत होते.

आत्ती खूप प्रश्न विचारत होत्या. खिडकी हाय काय? लाटांचा आवाज येतोय काय घरात? बाजार किती लांब? जहाजं जवळनं दिसतात? सुदेश म्हणाला, "आई, राखीला एवढे प्रश्न पडले नाहीत." माझी काळजी म्हणून विचारत असतील.

६ एप्रिल, रविवार

घाई केली. सर्वांत मोठं नव्हे, दुसऱ्या नंबरचं कापलं. देठाजवळची कुरळी तार अर्धीच वाळली होती, बाबांनी सांगितलं होतं पूर्ण वाळू दे. आत फिकट गुलाबी. चव काकडीची.

मी एक घास खाऊन ठेवून दिलं. आत्तींनी अख्खी फोड खाल्ली, सालीपर्यंत. "पाणी चांगलं हाय," म्हणाल्या. साली कपिलीला घातल्या. तिला आवडल्या.

८ एप्रिल, मंगळवार

दुपारी विहिरीवर धुणं धुताना आत्ती आपणहून बोलल्या. मामंजी रेल्वेत गँगमन होते, त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. एवढं मी ऐकून होते. नवं ते पुढचं.

"रेल्वेचा पास होता गं. दोघांला. गाडी दारातनं जाती. आणि मी घाटाखालच्या कुळ्याच्या पुढं कधी गेलो न्हाई. एकदा निघालो होतो. कापडं भरली. गाय अडली. दुसऱ्या साली सुदेशला गोवर. मग भात. मग सासू पडून. कुणीतरी घरात लागतंयच की."

मी विचारलं, समुद्र बघितलाच नाही?

"टीव्हीवर बघितला. केशरीकडं."

चादर पिळायला दुसरं टोक माझ्या हातात दिलं. जोरात पिळली.

१३ एप्रिल, रविवार

आज सगळं नीट लिहून ठेवायचं आहे.

बाबा आले! गुडघा दुखतो म्हणून दोन वर्षं कुठं गेले नव्हते. सकाळच्या गाडीनं आमच्या कॅसलरॉक स्टेशनवर उतरले, सुदेश त्यांना घेऊन आला, तोही आजच आलेला. बाबा घरात न येता थेट परसात. काठी टेकत एकेका वेलापाशी थांबले. माती चिमटीत घेतली, चोळली. "ह्या दगडात लावलीस?" म्हणाले.

शेण बघितलं आणि तोंड दुसरीकडं फिरवलं. विहीणबाईंसमोर कसं बोलणार.

सर्वांत मोठं धुवायला दोन बादल्या पाणी लागलं. शेण निघालं आणि खाली गडद हिरवं, रेघारेघांचं कलिंगड निघालं. सुदेश म्हणाला, "आई गं." पोटाखालचा डाग पिवळा, हळदीसारखा. बाबांनी कान लावून टिचकी मारली. एकदा, परत एकदा. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. केशरवैनी कुंपणावरून बघत होत्या.

"विहीणबाईंनी कापावं," बाबा म्हणाले.

आत्ती नको नको म्हणाल्या, मग विळीवर बसल्या. पातं जरा आत गेलं आणि पुढं कलिंगड आपणच तडकलं, आवाज झाला. लाल. मधोमध साखर दाटल्यासारखं दाणेदार, काळ्या बिया. सुदेश नेहमी छान आहे म्हणतो, आज तेही नाही. खात होता.

बाबा म्हणाले, "वाळूतल्यापेक्षा पाणी कमी हाय. म्हणून गोड हाय." आणि मग, "मला ह्या मातीत जमलं नसतं."

मी न्हाणीत जाऊन तोंड धुतलं.

आत्तींनी सगळ्यांच्या ताटातल्या बिया गोळा केल्या. बाबांच्या सुद्धा. राखेत घोळून पसरल्या. केशरवैनींनी मागितल्या, त्यांच्या जावेनं मागितल्या. मी म्हटलं, "देते की. येत्या जानेवारीत तुमच्याकडं आळी खणायला मीच येते. चार घरांनी केली तर माकडं वाटली जातील."

बोलल्यावर लक्षात आलं. सुदेशनं माझ्याकडं बघितलं. आत्तींनीही.

१७ एप्रिल, गुरुवार

चार दिवस तेच डोक्यात आहे. मी जानेवारीत इथं नसणार. मग कसं म्हटलं?

पाडी आता माझ्या मागं मागं फिरते. कपिलीची धार मला निघते, आत्तींपेक्षा थोडी कमी.

वास्कोच्या खोलीत मी दिवसभर काय करणार, हा प्रश्न इतक्या महिन्यांत एकदाही पडला नव्हता.

२४ एप्रिल, गुरुवार

म्हटलं, "आत्ती, तिघंही जाऊ या. कपिलीला केशरवैनींकडं ठेवू."

"गाय म्हणजे काय पाटा हाय, दुसऱ्याच्या दारात ठेवायला?"

"मग तुम्ही एकट्या राहणार?"

"मी काय एकटी? येवढं घर हाय, गुरं हायत." शेवटचं कलिंगड त्यांनी बाजूला काढून ठेवलंय, मी वास्कोला न्यावं म्हणून.

३० एप्रिल, बुधवार

पिशवी भरली. मोठी निळी. दोन साड्या बसेनात म्हणून परत काढून भरली. उद्या सकाळची गाडी. सुदेश तिकडं स्टेशनवर येणार आहे. खोलीची चावी मिळाली त्याला.

वेल वाळलेत, उपटून टाकले. आळी तशीच ठेवली.

दुपारी आत्ती पिशवीपाशी बसल्या होत्या. उगीच तिची चेन लावत होत्या, काढत होत्या. मी दारातून बघितलं, आत गेले नाही.

१ मे, गुरुवार

निळी पिशवी गेली. आत लुगडी आत्तींची आहेत.

काल संध्याकाळी मीच विचारलं, तुम्ही जाता काय? त्यांनी चुलीतली लाकडं मागं ओढली. मग म्हणाल्या, "धार?" म्हटलं, काढते. "भाताचं बी?" म्हटलं, तुम्ही दाखवलंय. दगडावर चढून सुदेशला फोन केला. त्यानं दोनदा विचारलं, कोण, आई? मग म्हणाला, "आईला पोहायला येत नाही." मी म्हटलं, मग लक्ष ठेव. आणि तू दर रविवारी ये, एक सोडून एक नको.

पंधरा दिवसांसाठी म्हणून गेल्यात. लुगडी पाच नेलीत. गाडी हलली तेव्हा खिडकीतून म्हणाल्या, "कपिलीला दुपारी सावलीत बांध." मग तोंड पुढं केलं ते बोगदा येईपर्यंत मागं वळवलं नाही.